पहिले वर्ष सांभाळा

लखनऊच्या अमौसी विमानतळावरून मेट्रोने थेट विश्वविद्यालय स्थानकापर्यंत जाता येते. २०१९पासून ही सोय आहे. पोहोचणे सोपे झाले, रुळणे नाही. वसतिगृहातला सोबती एकट्यासाठीही ‘हम’ म्हणतो, तेव्हा इथे शिकायला आलेला मराठी मुलगा क्षणभर गोंधळतो. भाकरीची आठवण येते ती रात्री. खरे तर हे शहर आपल्याला परके नाही. मराठी संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी १९२६ साली इथेच संगीत महाविद्यालय उभारले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियम २००९मध्येच केले. पण एकटेपणावर नियमांचा इलाज चालत नाही. विद्यापीठांनो, स्वागत समारंभ एका दिवसात उरकू नका. प्रत्येक नवागताला वर्षभर विचारपूस करणारा एक शिक्षक द्या. पालकांनो, फोनवर गुणांआधी ‘जेवलास का?’ एवढे विचारा.