वाळू मिळायला हवी, बॉस!

लिव्हरपूलच्या एन्ट्री रेसकोर्सवर विनिंग पोस्टला अगदी लागून एक कबर आहे. तिथे कुणी लॉर्ड नाही की कुणी कोट्यधीश मालक नाही, एक घोडा झोपलाय. 18 ऑक्टोबर 1995 ला, चांगला तीस वर्षांचा होऊन तो गेला, तेव्हा त्याला पुरताना तोंड मुद्दाम विनिंग पोस्टकडे केलं होतं. नाव रेड रम. आईचं नाव मारेड, बापाचं क्वोरम, दोघांची शेवटची तीन-तीन अक्षरं घेतली आणि झालं बारसं! (इंग्रजीतलं हे नाव उलटं वाचा, 'मर्डर' होतं. स्टीफन किंगची 'द शायनिंग' ही कादंबरी 1977 मध्ये आली. त्यात हीच गंमत आहे.)

आपल्याकडे रेस म्हटलं की महालक्ष्मी आणि सपाट हिरवं मैदान. दोन-अडीच मिनिटांत निकाल. एन्ट्रीची ग्रँड नॅशनल म्हणजे वेगळंच प्रकरण. ही स्टीपलचेस. रेड रमच्या काळात जवळजवळ साडेचार मैल, म्हणजे सव्वासात किलोमीटर. वाटेत तीस जंप्स. बीचर्स ब्रूकला उडी मारावी तर पलीकडची जमीन अलीकडच्यापेक्षा खाली. कनाल टर्नला उडी मारता मारताच काटकोनात वळायचं. कित्येक घोडे शेवटपर्यंत पोचतच नाहीत. अशी ही रेस रेड रमने तीनदा जिंकली, 1973, 1974 आणि 1977 मध्ये. मधल्या 1975 आणि 1976 मध्ये दुसरा आला. पाच वर्षं, दीडशे जंप्स आणि एकदाही पडला नाही. तीन विजयांचा रेकॉर्ड आजही त्याच्याच नावावर आहे. अलीकडे टायगर रोल 2018 आणि 2019 मध्ये जिंकला, पण दोनवरच थांबला.

आता तुम्ही म्हणाल, चॅम्पियन घोडा जिंकला, त्यात काय विशेष? विशेष हे की तो चॅम्पियन वगैरे नव्हताच मुळी.

1965 मध्ये आयर्लंडच्या किलकेनी परगण्यात जन्मलेला हा घोडा एक वर्षाचा असताना 400 गिनींना विकला गेला. तोही छोट्या, सपाट रेसेससाठी. पहिली रेस पळाला एन्ट्रीलाच, 1967 मध्ये, पाच फर्लांगांची. ती जिंकला, पण दुसऱ्या एका घोड्याबरोबर बरोबरीत. मग मालक बदलले, ट्रेनर बदलले, जॉकी बदलले. त्यातच खुराच्या आतल्या हाडाला सूज येण्याचा आजार निघाला. हा आजार सहसा बरा होत नाही. रेसच्या घोड्याला हे निदान म्हणजे करिअर खल्लास.

1972 मध्ये डॉनकॅस्टरच्या लिलावात जिंजर मॅकेन नावाच्या माणसाने त्याला 6,000 गिनींना घेतलं. हा मॅकेन म्हणजे साउथपोर्टचा टॅक्सीवाला. जुन्या गाड्यांच्या विक्रीचा धंदा, मागच्या अंगणात तबेला. पैसे त्याचे नव्हतेच. त्याच्या टॅक्सीतलं एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं, नोएल ले मेर नावाचे ऐंशी पार केलेले आजोबा. त्यांचं आयुष्यभराचं एक स्वप्न होतं, नॅशनल जिंकायचं. घोडा त्यांच्यासाठी घेतला. आणि पहिल्याच सकाळी फिरायला काढला, तर साहेब चक्क लंगडताहेत! आजोबांचे सहा हजार गेले की हो पाण्यात.

मॅकेनने घोडाही पाण्यातच घातला. साउथपोर्टला समुद्र आहे आणि मॅकेनकडे घोडे पळवायला गवताची मोठी मैदानं नव्हती, म्हणून तो किनाऱ्यावरच ट्रेनिंग द्यायचा. लंगडणारा घोडा गार समुद्रात चालवला, बाहेर काढला, तर स्वारी नीट दुडक्या चालीने निघाली. मग रोज तेच. ओली वाळू, खारं पाणी. पुढल्याच वर्षी नॅशनल.

ही गोष्ट आता सांगायचं कारण वेगळं आहे. माझी एक मैत्रीण, वय एकोणतीस, चांगल्या कंपनीत चांगल्या पॅकेजवर. गेल्या महिन्यात अप्रेझलला बॉसने तिला ऐकवलं की तुझ्यात भूकच नाही. दोन वर्षांपूर्वी याच बाईला कंपनीने 'स्टार परफॉर्मर'ची ट्रॉफी दिली होती. मधे तिची टीम बदलली. क्लायंट आला अमेरिकेतला आणि तिची रात्र संपली. पाठ धरली, झोप गेली, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा. यावर उपाय म्हणून तिला पाठवलं कुठे? मोटिव्हेशनच्या वर्कशॉपला! स्लाइडवर घोडा, खाली मोठ्या अक्षरात 'जिद्द'. घरी आई म्हणते, "अगं, होम लोन आहे, टिकून राहा." आणि ही बाई रात्री दोन वाजता मला फोन करून विचारते, "मीच कमी पडतेय का गं?"

म्हणून मला त्या स्लाइडवरच्या घोड्याचा राग येतो. कारण खरी गोष्ट जिद्दीची नाहीच. रेड रम साउथपोर्टला आला म्हणून एका रात्रीत जास्त शूर झाला का? घोडा तोच, खूरही तेच. बदलली ती खुराखालची जमीन. आधी त्याला आठवडाभर वर्कशॉपमध्ये बसवून 'तू करू शकतोस' म्हटलं असतं, तरी तो लंगडलाच असता. लंगडणाऱ्याला आपण पहिला प्रश्न विचारतो, "मनापासून पळतोयस ना?" विचारायला हवं, "पळतोयस कशावर?"

आणि याच गोष्टीतला दुसरा घोडा तर कुठल्याच स्लाइडवर नसतो. त्याचं नाव क्रिस्प, ऑस्ट्रेलियाचा उमदा गडी. 1973 च्या नॅशनलमध्ये तो सुरुवातीपासून असा सुटला की बाकीचे दिसेनात. शेवटच्या जंपपाशीही तो पंधराएक लेंग्थ पुढे होता. मग मात्र पाय जड झाले, तो डुलायला लागला आणि विनिंग पोस्टच्या अगदी तोंडाशी रेड रमने त्याला गाठलं. फरक पाऊण लेंग्थ! वेळ 9 मिनिटं 1.9 सेकंद. 1934 चा जुना रेकॉर्ड जवळजवळ 19 सेकंदांनी मोडला होता, आणि हरलेल्या क्रिस्पनेही तो मोडलाच होता.

पण थांबा. ही हँडिकॅप रेस. म्हणजे जो घोडा जास्त चांगला, त्याच्या पाठीवर वजन जास्त. क्रिस्पवर होते 12 स्टोन, म्हणजे 76 किलोंच्या वर. रेड रमवर 10 स्टोन 5 पौंड. साडेदहा किलोंचा फरक! त्याच वर्षी पुढे डॉनकॅस्टरला दोघे सारख्या वजनावर पळाले, तेव्हा क्रिस्प जिंकला. तुमच्या ऑफिसातही असा एक क्रिस्प असतो बघा. काम येतं म्हणून सगळं काम त्याच्याच पाठीवर. मग शेवटच्या शंभर मीटरवर तो दमला की अप्रेझलमध्ये लिहितात, 'स्टॅमिना कमी'. वजनाचा कॉलम त्या फॉर्मवर नसतोच.

रेड रमचं मोठेपण कमी करायचं नाही हं मला. 1974 मध्ये त्यानेही पाठीवर 12 स्टोन घेतले आणि तरी सात लेंग्थने जिंकला. तीन आठवड्यांत स्कॉटिश नॅशनलही मारली. 1977 मध्ये वय बारा, लोक म्हणत होते म्हातारा झाला, आणि जॉकी टॉमी स्टॅकला घेऊन हा पठ्ठ्या 25 लेंग्थने पहिला! ज्या वर्षांत एन्ट्री रेसकोर्स विकलं जाणार, बंद पडणार अशी चर्चा होती, त्याच वर्षांत लोकांना नॅशनलकडे खेचलं ते या घोड्याने. त्याची ताकद खरीच होती. पण जमीन चुकीची असती तर ती कुणाला कळलीही नसती, एवढंच माझं म्हणणं.

1978 मध्ये सहाव्यांदा पळायची तयारी झाली होती. रेसच्या आदल्या दिवशी पायाच्या हाडाला बारीक चीर असल्याचं कळलं आणि त्याला मागे घेतलं. 'एकच शेवटची, इतिहास घडेल' असं कुणी म्हटलं नाही. त्यानंतर तो सतरा वर्षं जगला. नॅशनलच्या परेडमध्ये मिरवला, दुकानांची उद्घाटनं केली, लोकांनी त्याच्यासोबत फोटो काढले. सगळ्यांच्या नशिबी हे नसतं. 2012 च्या नॅशनलमध्ये दोन घोडे जिवानिशी गेले. त्यानंतर जंप्सचा लाकडी गाभा काढून मऊ केला, 2024 पासून घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीसवर आणली. म्हणजे शंभर-दीडशे वर्षं घोड्यांना दोष दिल्यावर अखेर माणसांनी कोर्सकडे बघितलं.

मैत्रिणीला मी राजीनामा दे असं सांगितलेलं नाही. तिचा ईएमआय मी भरणार नाहीये. तिला म्हटलं, आधी टीम बदलून माग, लेखी माग, दिवसाची शिफ्ट माग. दोन वर्षांपूर्वीची ट्रॉफी कुठल्या जमिनीवर मिळाली होती, ते कागदावर लिहून काढ. नाही दिलं तर मग बघू. तिने मेल टाकलाय. उत्तर अजून आलेलं नाही.

तोपर्यंत तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये कुणी लंगडत असेल, तर त्याला कोट्स फॉरवर्ड करू नका. पायाखाली काय आहे ते विचारा. आणि तुम्ही स्वतःच लंगडत असाल तर? वाळू कुठे मिळेल, ते शोधायला लागा.