कुंपणाबाहेरचे आईबाप

आपल्या मध्यमवर्गीय घरात घोडा नसतो. पण बोलण्यात तो सदैव असतो. ‘घोडे कुठे पेंड खाते’ हे आपण शोधतो, ‘घोडामैदान जवळच आहे’ असे दुसऱ्याला बजावतो, आणि रखडलेले काम एकदाचे पार पडले की ‘घोडे गंगेत न्हाले’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्ष गाठ पडायची ती माथेरानला, नाही तर वरातीत. आणि वरातीतही नवरदेवाचे सारे लक्ष आपण पडणार तर नाही ना, इकडेच लागलेले!

वाचकहो, या सदरात वर्षभर आपण मुलांच्या अभ्यासाच्या, खाण्यापिण्याच्या, हट्टाच्या गोष्टी बोलतो. आज फराळाचे ताट पुढे आहे, जागाही ऐसपैस आहे, म्हणून जरा लांबची हकीकत सांगतो. ती घोड्यांची आहे, मुलांची आहे, आणि खरे म्हणाल तर आईबापांची आहे.

अमेरिकेत ‘फोर-एच’ नावाची मुलांची एक मोठी चळवळ आहे. १९०२ साली ओहायो राज्यातल्या क्लार्क परगण्यात ए. बी. ग्रॅहम नावाच्या एका शाळाधिकाऱ्याने शेतकऱ्यांची मुलेमुली जमवून मंडळ काढले. मुलांनी मका लावावा, भाजीपाला करावा, मातीची परीक्षा घ्यावी, आणि हे सगळे पुस्तकातून न शिकता स्वतःच्या हातांनी करून शिकावे, अशी ती कल्पना. पुढे ती देशभर पसरली. चार ‘एच’ म्हणजे हेड, हार्ट, हँड्स आणि हेल्थ. आपल्या भाषेत डोके, अंतःकरण, हात आणि आरोग्य.

यात प्रत्येक मूल एक काम अंगावर घेते. कोणी कोंबड्या पाळतो, कोणी शिवण शिकते, कोणी कोकरू वाढवतो. काही मुले घोडा घेतात, आणि त्यातली जरा धीट मुले घेतात ते शिंगरू. शिंगरू चार-सहा महिन्यांचे झाले की आईपासून तोडतात. मग त्याला म्होरकी घालू द्यायला शिकवायचे, दोराने चालायला शिकवायचे, चारी पाय उचलून खूर साफ करू द्यायला शिकवायचे. रोज खरारा, रोज दाणापाणी. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद बोलवायचा आणि गवत, दाणा, औषधपाणी यांचा खर्च वहीत मांडून ठेवायचा. ही वहीदेखील तपासली जाते. बसायचे मात्र नाव काढायचे नाही. घोड्याच्या पाठीच्या कण्याची हाडे पुरती पक्की व्हायला पाचेक वर्षे लागतात. कोवळ्या पाठीवर भार टाकला तर जन्माची खोड लागायची. ज्याच्यावर बसण्यासाठी घोडा हवा होता, त्या मुलाला आधी दीड-दोन वर्षे नुसते त्याच्याबरोबर चालावे लागते!

शिकवण्याची रीत साधी, पण साधायला कठीण. दोराला किंचित ताण द्यायचा. शिंगराने एक पाऊल टाकले की त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. घोडा शिकतो तो ताणातून नव्हे, ढील मिळते त्या क्षणातून. ढील द्यायला थोडा उशीर झाला, तर आपण काय बरोबर केले हे त्या जनावराला कळतच नाही. आणि ओढाताण केली तर पुरता वाढलेला घोडा भरतो चारशे-पाचशे किलो. बारा वर्षांचे पोर त्याला ओढून कुठे नेणार?

उन्हाळ्यात परगण्याची जत्रा भरते आणि मुले आपापली जनावरे घेऊन येतात. कोकरे, डुकरे यांचा शेवटी लिलाव होतो, आणि कित्येक मुले रडत रडत आपले जनावर देऊन टाकतात. घोडा मात्र मुलाबरोबर घरी परततो. घोड्यांच्या स्पर्धांत एक असते ती नुसती हाताने धरून दाखवण्याची. तिला तिकडे ‘शोमनशिप’ म्हणतात. तिचा नियम ऐकून मी चकित झालो. परीक्षक गुण देतो ते घोड्याला नव्हे, मुलाला. घोडा लाखाचा की शेजाऱ्याने फुकट दिलेला, याला तिथे किंमत नाही. तो स्वच्छ आहे का, मुलाच्या इशाऱ्यावर उभा राहतो का, आणि मूल कुठे उभे आहे, हे पाहायचे. परीक्षक घोड्याच्या तोंडाकडच्या अंगाला आला की मुलाने पलीकडे व्हायचे, मागच्या अंगाला गेला की त्याच्याच बाजूला यायचे. म्हणजे परीक्षकाला जनावर नीट दिसते. आणि ते बिथरलेच, तर तोंड आपल्याकडे ओढून त्याच्या लाथा परीक्षकापासून दूर वळवता येतात.

मुलाकडे गेलो असताना अशी एक स्पर्धा मी पाहिली. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी दीड वर्षाची तांबडी घोडी घेऊन रिंगणात आली. तेवढ्यात कर्ण्यावर काही पुकारले गेले आणि घोडीने चारी पाय जमिनीत रोवले. माझ्या शेजारीच मुलीचा बाप उभा होता. त्याने कुंपणाचा गज असा आवळला, की बोटे पांढरी पडली. तो स्वतः घोड्यांतला माणूस. काय करायचे ते त्याला ठाऊक होते. पण तोंडातून शब्द नाही.

मुलीने दोर ओढला नाही. घोडीची मान हळूच एका बाजूला वळवली. तोल सावरायला घोडीने एक पाऊल टाकले. मुलीने लगेच दोर सैल केला. मग दुसरे पाऊल, मग तिसरे. तोवर वेळ गेला होता. बक्षीस दुसऱ्याला मिळाले. मुलगी बाहेर आली, ओठ घट्ट मिटलेले. बापाने विचारले ते इतकेच :

“तिला पाणी पाजलेस?”

“आता पाजते, बाबा.”

आणि ती बादली घेऊन गेली.

याहून अवघड कामही तिकडची मुले करतात. अमेरिकेतल्या रानघोड्यांना संरक्षण देणारा कायदा १९७१ साली झाला. त्यासाठी नेव्हाडातल्या वेल्मा जॉन्स्टन या बाईंनी वर्षानुवर्षे खटपट केली, आणि शाळकरी मुलांनी पत्रांचा पाऊस पाडला. पुढे २००७ साली असे घोडे सुमारे शंभर दिवसांत माणसाळवून दाखवण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत मुलांचाही विभाग आला. मुलांनी कोवळी शिंगरे घ्यायची आणि न बसता, हाताने धरूनच दाखवायची. ज्या जनावराला माणूस म्हणजे संकट वाटते, त्याच्या मानेवर पहिला हात ठेवायलाच किती दिवस लागत असतील!

आता आपल्याकडे पाहू. आपण मुलांना ताण देण्यात कमी नाही. शिकवणी, परीक्षा, टक्के, पुन्हा परीक्षा. कमी पडतो ते ढील देण्यात. शिवाय रिंगणाच्या बाहेर उभे राहणे आपल्याला जमतच नाही. मुलाच्या हस्तकलेची वही आई पुरी करते, भाषण बाबा लिहून देतात, आणि बक्षीस मिळाले की आपण तिघांनी मिळवले हे ठाऊक असूनही टाळ्या वाजवतो. मूलही वाजवते, पण त्याला आतून माहीत असते.

फ्लॅटमध्ये शिंगरू बांधा, असे मी सांगणार नाही. सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या नावाने पत्र धाडतील. पण ही दिवाळी आहे. खाली अंगणात पोरे किल्ला करायच्या विचारात असतील. तयार प्लास्टरचा किल्ला आणू नका. माती, विटा, पोती त्यांची त्यांना जमवू द्या. बुरूज कलला तर कलू द्या. हळीव पेरायचे आणि रोज पाणी घालायचे कामही त्यांच्याकडेच ठेवा. उगवले नाही, तर का उगवले नाही ते त्यांनाच शोधू द्या. तुम्ही गॅलरीत उभे राहा, कठडा हवा तितका आवळा, पण हाक मारून सूचना देऊ नका. संध्याकाळी मातीने माखलेले हातपाय घेऊन पोरे वर आली की एवढेच विचारा, “हळिवाला पाणी घातलेत का रे?”