गुलाबी रस्ता दिसला, गुलाबी अळी दिसली नाही



फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. कारखान्यांच्या रसायनांनी रंगलेला. रहिवाशांनी खिशातून मोबाईल काढले, रस्ता टिपला आणि ते चित्र घराघरांत गेले. थोड्याच दिवसांत त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहणीसाठी तिथे हजर झाले. त्याआधी २०१४ साली याच डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, तोही साऱ्या राज्याने पाहिला. २३ मे २०२४ रोजी तिथल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार प्राणाला मुकले, तेव्हा धुराचे लोट गॅलरीगॅलरीतून टिपले गेले. चित्रामुळे डोंबिवलीचे भोग संपले असे मी म्हणत नाही. २०२० साली मुख्यमंत्री येऊन गेले आणि २०२४ साली स्फोट झाला, यावरून ज्याने त्याने काय ते समजावे. पण 'असे काही घडलेच नाही' म्हणण्याची सोय मात्र कोणाला उरली नाही.

आता २०१७ चा खरीप आठवा. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाटी छातीएवढी वाढलेली, बोंडे हिरवीगार, आणि फोडून पाहावे तर आत गुलाबी अळी. सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली, वेचणीला आलेली बाई सांगे की मजुरीइतकाही कापूस निघत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर अधिवेशनात कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर झाले. त्यातले १६,००० बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. तो वाटा पुराव्यांच्या आणि सुनावण्यांच्या जंजाळात अडकला. गावोगाव शेतकऱ्यांनी तक्रारींचे अर्ज भरले, पण अर्जाला जोडायला काय होते? लांबून काढलेले हिरव्या शेताचे फोटो! ते पाहून कोणीही म्हणावे, पीक तर झकास दिसते आहे.

हाच आजचा मुद्दा आहे. डोंबिवलीचा रस्ता स्वतःच बोलतो, त्याला समजावून सांगणारा लागत नाही. कोरडवाहू शेतीतले नुकसान बोंडाच्या आत असते, कणसाच्या दाण्यात असते, काट्याच्या पावतीत असते. ते उघडून दाखवावे लागते, आणि उघडून दाखवायचे तर कॅमेरा हातात धरण्याची अक्कल लागते. आपल्या चळवळीत ती फारच थोड्यांनी कमावली आहे.

काही जुने कार्यकर्ते म्हणतात, व्हिडिओ हा पोरखेळ आहे, आंदोलन रस्त्यावर होते. रस्त्यावर होतेच. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला आणि ठाणे जिल्ह्यातून चालत १२ मार्चला आझाद मैदानात पोचला. विचाराने ती मंडळी आणि आपण दोन टोकांना आहोत, पण जे दिसले ते मान्य केले पाहिजे. मुंबई-ठाण्याच्या माणसाला त्या मोर्चाच्या मागण्या किती कळल्या, कोण जाणे. फोडांनी सोललेले तळवे मात्र त्याने पडद्यावर जवळून पाहिले, आणि लोक पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्यावर आले. दहा भाषणांनी झाले नसते ते एका पायाच्या चित्राने केले.

मागच्या हिवाळ्यात आपल्या मेळाव्यांच्या आणि शिवारफेऱ्यांच्या चित्रणाची कार्डे घेऊन मी डोंबिवलीला गेलो होतो. लग्नाचे व्हिडिओ जोडून देणारा एक तरुण तिथे आहे, वडील परभणीकडे ज्वारी पिकवतात. दोन दिवस सारे पाहून तो म्हणाला, "काका, अकरा तासांचं शूटिंग आहे. त्यात भाषणं दहा तास आणि कापूस नऊ मिनिटं. उरलेल्या वेळात कॅमेरा चालू ठेवून कोणीतरी चहा प्यायलंय." हसण्यावारी नेले, पण रोगाचे निदान अचूक होते. डोंबिवलीहून मुंबईला तासभर लोकलमध्ये उभ्याने जाणारा माणूस आपला प्रेक्षक आहे. एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि आवाज बहुतेक वेळा बंद. त्याला आपल्या जिल्हाध्यक्षाचे भाषण कशाला हवे? तो शर्ट घालतो त्याचा कापूस कोणत्या भावाने गेला, हे मात्र तो नऊ मिनिटे नाही तरी दोन मिनिटे नक्की पाहील.

तेव्हा कॅमेऱ्याकडे वळू. नवा घ्यायची गरज नाही. तालुक्याच्या गावात लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांकडे हँडीकॅम धूळ खात पडलेले आहेत, चांगला मोबाईलही चालतो. यंत्रापेक्षा त्याची मांडणी महत्त्वाची. हँडीकॅमवर बहुधा '५०आय' अशी खूण असते. त्यात प्रत्येक चित्र दोन अर्ध्या ओळींत विभागून साठते. जुन्या टीव्हीसाठी ते ठीक होते. मोबाईलच्या पडद्यावर हलत्या वस्तूच्या कडेला फणीचे दाते दिसतात. म्हणून '२५पी' निवडावे, आकार १०८०. यंत्रात ती सोयच नसेल तर जोडणी करताना 'डीइंटरलेस' करून घ्यावे. सेकंदाला पंचवीसच चित्रे का? आपली वीज ५० हर्ट्झची. बाजार समितीच्या शेडमध्ये ट्यूबलाईटखाली किंवा रात्री जिनिंगवर चित्रण करताना पंचवीस चित्रे आणि शटर १/५० ठेवले तर उजेड लुकलुकत नाही. मोबाईल बहुधा तीस चित्रे घेतो, मग पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते चित्रच खोटे आहे. उघड्या शेतात उन्हात ही भानगड नाही, तिथे शटर वर गेले तरी बिघडत नाही.

खरी परीक्षा कापूस घेतो. काळी जमीन, गर्द पाने आणि मध्ये पांढरेशुभ्र फुटलेले बोंड, असा विषय कॅमेऱ्याला झेपत नाही. यंत्र काळ्याकडे पाहून उजेड वाढवते आणि कापसाचा नुसता पांढरा डाग होतो. त्यात रुईचे तंतू दिसत नाहीत, कवडी दिसत नाही, पिवळा डागही दिसत नाही. म्हणजे जे दाखवायला गेलो तेच पुसले गेले. उपाय सोपा आहे. हँडीकॅममध्ये 'झेब्रा' नावाची सोय असते, जिथे उजेड जास्त झाला तिथे तिरप्या रेघा उमटतात. ती १०० वर लावावी आणि बोंडावरच्या रेघा जाईपर्यंत उजेड कमी करावा. पाने थोडी काळी दिसली तर दिसू द्यावी. मोबाईलवर बोंडाला बोट लावून दाबून धरले की उजेड आणि नेम दोन्ही तिथेच थांबतात, मग बोट खाली ओढून उजेड उतरवता येतो. एकदा ठरवले की कुलूप लावावे. नाहीतर जमिनीवरून आभाळाकडे कॅमेरा वळला की चित्र उजळते-विझते, जणू कोणी कंदील वरखाली करतो आहे.

रंगाचेही तसेच. अळी गुलाबी आहे, हाच तर पुरावा. 'व्हाइट बॅलन्स' यंत्राच्या मर्जीवर सोडला की संध्याकाळच्या उजेडात ती नारिंगी दिसेल, हिरव्या पानांच्या गर्दीत फिकट दिसेल. शेतातच एक पांढरा कोरा कागद उन्हात धरून त्यावर रंग पक्का करून घ्यावा. मग क्रम असा ठेवावा: आधी सबंध शेत, ओळखीची खूण दिसेल असे, विहीर, बाभूळ, काहीही. मग झाड. मग डोमकळी, पाकळ्या मिटून गुलाबासारखी झालेली. मग बाहेरून धडधाकट दिसणारे हिरवे बोंड हातात, आणि कॅमेरा न थांबवता ते चाकूने फोडणे. मधे तोड नको. तोड आली की समोरचा वकील म्हणेल, अळी दुसरीकडून आणून ठेवली. कॅमेऱ्याने झूम करू नये, पायाने जवळ जावे. लांबून ओढून घेतलेले चित्र थरथरते आणि फुटते. तिपाई नसेल तर खताची पोती रचून त्यावर कोपरे टेकवावीत. आमच्या एका कार्यकर्त्याने बैलगाडीच्या साटीवर कॅमेरा बांधून उत्तम काम केले आहे.

ज्वारीवाल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की काढणीच्या तोंडावर पावसात सापडून काळे पडलेले दाणे दुपारच्या कडक उन्हात सावलीसारखे दिसतात. सकाळी आठ-नऊला, सूर्य पाठीशी घेऊन, चांगले कणीस आणि काळे कणीस एकाच तळहातावर घ्या. तुलनेशिवाय शहरातल्या माणसाला काही कळत नाही. त्याने ज्वारी पाहिली ती भाकरीत.

आता आवाज. माझे मत विचाराल तर शंभर रुपयांतले सत्तर आवाजावर घालवावेत. चित्र जरा हलले तर माणूस चालवून घेतो, शब्द कळला नाही तर पुढे सरकतो. कॅमेऱ्यातला माईक जवळचा वारा ऐकतो, लांबचा माणूस ऐकत नाही. कॉलरला लावायचा तारेचा माईक साध्या दुकानात मिळतो, तो बोलणाऱ्याच्या छातीवर लावावा, वर कापसाचा बोळा किंवा फोमची टोपी. आवाजाची पट्टी वजा बाराच्या आसपास नाचली पाहिजे. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कोणत्याही संगणकावर शिवता येत नाही. जिनिंगच्या घरघरीत मुलाखत घेऊ नये. यंत्रे दाखवावीत, माणसाला बाहेर आणून बोलते करावे. आणि बाईला बोलते करा. वेचणीचा दर, फवारणीचा पंप, घरात आलेले पैसे, याचा हिशेब तिच्या तोंडी पाठ असतो, पण आपल्या चित्रणात ती भाकरीचे टोपले घेऊन मागून जाताना दिसते.

बाजारात तर कॅमेरा हवाच हवा. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यापुढे माल परत. तेव्हा मीटर कापसात खुपसल्यापासून आकडा वाचेपर्यंतचे एक सलग चित्र, मागे गाडीचा नंबर, पुढे काट्याची पावती. ३० सेकंद पुरे. पीक विम्याची भरपाई जिथे कापणी प्रयोगाच्या उताऱ्यावर ठरते, तिथे प्लॉट कोणता निवडला, दोरी कशी टाकली, वजन किती भरले, हेही असेच सलग. अरेरावी करायची नाही, कोणाच्या तोंडावर कॅमेरा धरायचा नाही. आकडा दिसला म्हणजे झाले.

जोडणीबद्दल. क्विंटलभर कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते. तासाभराच्या चित्रणातून तीन मिनिटे निघाली तर उतारा चांगला समजा. पण जिनिंगआधी माल सुरक्षित पाहिजे. घरी आल्याबरोबर कार्डातले सगळे फोल्डर जसेच्या तसे दोन वेगळ्या ठिकाणी उतरवावे, निवडक फाईली उचलू नयेत. फोल्डरला तारीख, गाव, विषय असे नाव. दोन्ही ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. मग एकदा सारे पाहून वहीत टिपण करावे, कोणत्या मिनिटाला काय कामाचे आहे. या कंटाळवाण्या कामाला फाटा देणारे पुढे तिप्पट वेळ घालवतात. आधी बोलण्याचे तुकडे ओळीने लावावेत, नुसते ऐकून अर्थ लागतो का पाहावे, आणि मगच त्यावर बोंड, काटा, पावती यांची चित्रे बसवावीत. बोंड फोडण्याचे चित्र मात्र अखंड ठेवावे. शॉटकट, केडेनलाइव्ह ही जोडणीची साधने फुकट मिळतात. संगणक म्हातारा असेल तर हलक्या प्रती करून त्यांवर काम करावे, शेवटी मूळ फाईली आपोआप जागेवर येतात. ढोल-ताशाचे संगीत घालू नये. खाली मोठ्या अक्षरांत मराठी ओळी हव्यातच, कारण लोकलमधल्या माणसाचा आवाज बंद आहे.

तयार फाईल यूट्यूबवर चढवायची तर १०८० ला सेकंदाला ८ मेगाबिट पुरतात. म्हणजे मिनिटाला साधारण ६० एमबी, तीन मिनिटांचे १८०. गावात रेंज नसेल तर ७२० ला ५ मेगाबिट ठेवा, फार फरक पडत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पिळवटून निघतो, म्हणून कार्यकर्त्यांनी एकमेकांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. कोणाकडून फिरत आलेली प्रत पुन्हा जोडणीला घेऊ नये. आणि मूळ फाईल? ती कधीही पुसायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात फाईलची 'हॅश' ही खूण नोंदवायची असते. फाईलमधला एक अंश बदलला तरी ती खूण बदलते. व्हॉट्सॲपवर दहा हातांतून आलेली प्रत तिथे काय कामाची?

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक हँडीकॅम किंवा मोबाईल, चार्जर, रिकामे कार्ड आणि पाच कीड लागलेली बोंडे डबीत घालून आणावीत. दुपारच्या जेवणानंतर भाषणे नाहीत, बोंड फोडून चित्रण करायचे आहे. ज्यांच्या घरी जुन्या सभांच्या व्हीएचएस किंवा मिनीडीव्ही कॅसेट पडून आहेत त्यांनी त्याही आणाव्यात. बुरशी आली असली तर घरच्या यंत्रात घालून पाहू नये, फीत अडकून तुटते. तशाच कोरड्या पिशवीत, वर गावाचे नाव आणि आठवत असेल ते साल लिहून आणा.