चालतंय ना, मग कशाला हात लावता?

हे वाक्य मी जैसलमेरला हिंदीत ऐकलं, तेजपूरला आसामी वळणाच्या हिंदीत ऐकलं, आणि सुट्टीवर आलो की सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मराठीत ऐकतो. भाषा बदलते, पण मान हलवायची तऱ्हा तीच. जुना ट्रक असलेला माणूस भाड्यावरून, टोलवरून, टायरच्या भावावरून तासन्‌तास बोलेल. पण डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला असं विचारलं की हसतो आणि म्हणतो, ‘अहो, चालतंय ना, मग कशाला हात लावता?’

माझं भांडण या वाक्याशी आहे. फिल्टर ही वस्तू काही शे रुपयांची आणि काम तासाभराचं. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीवर हे काम मालकाला किंवा ड्रायव्हरला घराच्या अंगणात स्वतः करता येतं, आणि त्यानं ते स्वतःच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘चालतंय’चा अर्थ आधी बघू. फिल्टर तुंबायला लागला की गाडी लगेच बंद पडत नाही. सपाट रस्त्यावर, रिकामी असताना ती छान पळते, कारण तेव्हा डिझेल कमी लागतं. माल भरून चढाला लागली की ओढ कमी पडते. ड्रायव्हर म्हणतो, ‘शेठ, गाडी पिकअप घेत नाही.’ शेठ म्हणतो, ‘गिअर नीट टाक.’ मग एके दिवशी घाटात, नेमकं वळणावर, इंजिन धापा टाकतं आणि गप्प होतं. त्याच्याबरोबर ब्रेकचा आधारही जातो, हे शेठला कुणी सांगितलेलं नसतं. व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन थांबलं की ब्रेक दोन-तीनदा दाबेपर्यंतच हलका लागतो, नंतर पाय रोवून दाबावा लागतो. एअर ब्रेकच्या गाडीत कॉम्प्रेसर थांबतो आणि टाकीत आहे तेवढ्याच हवेवर काम भागवावं लागतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही दगडासारखं जड होतं. मागे दहा टन माल, खाली उतार. क्लीनर उडी मारून चाकाला दगड लावायला पळतो.

तो दगड लागला तर पुढचा अंक सुरू होतो. रात्रीची वेळ, मागचे दिवे मिणमिणते, रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीत नसतोच, म्हणून रस्त्यावर झाडाची फांदी तोडून ठेवलेली. जम्मूपासून कन्याकुमारीपर्यंत कुठल्याही हायवेवर ही फांदी तुम्ही पाहिली असेल. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसेलच असं नाही. ट्रक निघून गेल्यावर दगड तिथंच राहतात, ते वेगळंच.

या सगळ्यात शेठ गाडीत नसतो. गाडीत ड्रायव्हर आणि क्लीनर असतात. म्हणून मला या ‘चालतंय’चा राग येतो. हे वाक्य म्हणणारा एक आणि भोगणारा दुसराच.

फौजेत सगळं आदर्श असतं असा माझा दावा नाही. एमटी पार्कमध्येही कामचुकार असतात आणि उस्तादाची पाठ फिरली की फडकं नुसतं बॉनेटवरून फिरवणारे मी बघितलेत. पण तिथं एक रीत आहे : फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड. निघण्याआधी, वाटेत थांबल्यावर आणि परत आल्यावर गाडी ड्रायव्हरनंच बघायची. वर्कशॉप आहे, ईएमईचे कारागीर आहेत, ‘कर्म ही धर्म’ हे त्यांचं ब्रीद आहे आणि ते कामाला पक्के आहेत. तरी फिल्टरच्या तळाचं पाणी काढायला त्यांना कुणी हाक मारत नाही. ते ड्रायव्हरचं काम. ही गोष्ट गावात सांगितली की उत्तर येतं, ‘तुमचं बरंय, सरकारी आहे सगळं.’ अहो, पाना सरकारी असला काय आणि घरचा असला काय, नट एकाच दिशेला फिरतो!

आता ‘गॅरेजवाला बघेल’ या दुसऱ्या सबबीकडे वळतो. चांगल्या मिस्त्रीबद्दल मला आदरच आहे. पण चांगल्या मिस्त्रीला या कामात रस नसतो, त्याच्याकडे इंजिन उघडून पडलेलं असतं. मग फिल्टर कोण बदलतं? शिकायला आलेलं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं, रस्त्याकडेच्या धुळीत, काळ्या चिंधीनं पुसत. त्या चिंधीचे धागे थेट भांड्यात जातात. आणि कित्येकदा बदललंही जात नाही. जुना कागदी फिल्टर डिझेलमध्ये खळबळून, कॉम्प्रेसरची हवा मारून परत बसवला जातो आणि बिलावर नवा लागतो. तुम्ही समोर उभे नसाल तर कळणार कसं?

हवा मारण्याची ही खोड देशभर आहे. जुन्या टाटा १२१०, १६१३ सारख्या गाड्यांना दोन फिल्टर शेजारीशेजारी असतात, आधी कापडी आणि मग कागदी. कापडी धुऊन वापरायची सवय जुनी, तिच्यातूनच कागदीही धुवायचं डोक्यात आलं. पण कागदाची छिद्रं काही मायक्रॉनची असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. हवेच्या झोतानं ही छिद्रं फाटतात आणि फाटलेलं डोळ्यांना दिसत नाही. त्यातून जी धूळ जाते ती पंपाच्या प्लंजरपर्यंत पोचते. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची, तीही डिझेलच्याच वंगणावर चालणारी. तिथं वाळू गेली की पंप घासला, नोझल गळायला लागले, गाडी काळा धूर ओकू लागली. मग पंपवाल्याकडे जे बिल होतं त्यात फिल्टरची पेटीभर खरेदी झाली असती. फाटक्या फिल्टरची गाडी तुंबलेल्या फिल्टरच्या गाडीपेक्षा जोरात पळते, म्हणून मालक खूश असतो. ‘बघा, हवा मारली आणि गाडी मोकळी झाली!’

वाळवंटात शत्रू धूळ आहे, हे सगळ्यांना पटतं. आसामात तो दिसत नाही म्हणून पटत नाही. तिथं हवेतच पाणी आहे. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या पत्र्यावर दव धरतं, ते तळाला जातं. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर बुरशी-जिवाणू वाढतात आणि काळा, बुळबुळीत चिखल तयार होतो. ब्रह्मपुत्रेच्या काठावरच्या एका वाळूच्या ट्रकचा फिल्टर उघडलेला मी पाहिलाय. चहाचा चोथा भरलाय की काय असं वाटलं. टाकी संध्याकाळी भरून ठेवा आणि आठवड्यातून एकदा फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी सोडा, यापलीकडे त्याला औषध नाही.

लडाखची गोष्ट निराळी. तिथं थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टरवर साय धरल्यासारखं बसतं. लोक फिल्टरला शिव्या देतात, पण तिथं दोष इंधनाचा. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं विंटर डिझेल लडाखसाठी आणलं, ते याच कारणानं. टाकीखाली जाळ करणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल सभ्य भाषेत लिहिता येत नाही. म्हणजे फिल्टर बदलणं हा प्रत्येक रोगावरचा उपाय नाही, हेही समजून घ्या.

तर अंगणातलं काम. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, इंजिन थंड, आणि तोंडात बिडी नाही. सर्वांत आधी फिल्टरचं डोकं आणि भांडी बाहेरून ब्रशनं धुऊन घ्या. ही पायरी सगळे गाळतात आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे. बाहेरचा चिखल तसाच ठेवून भांडं उघडलंत तर तो आत पडणार, मग नवा फिल्टर घालून काय उपयोग? खाली पत्र्याचा डबा धरा, मधला बोल्ट सोडा, भांडं उतरवा. आतला गाळ स्वच्छ डिझेलनं धुवा, चिंधीनं पुसू नका. नवा फिल्टर, नवी रबरी रिंग. जुनीच रिंग परत घालण्याचा मोह होतो, पण तिथूनच पुढे हवा शिरते आणि माणूस चार दिवस कारण शोधत बसतो.

भांडं डिझेलनं भरून बसवलं तर नंतरची मेहनत वाचते. डिझेल कागदाच्या बाहेरून आत जातं, त्यामुळे भांड्यातलं डिझेल गाळूनच पुढे जाईल. पण आटे असलेला डबा-फिल्टर असेल तर सावध राहा. त्याच्या मधल्या मोठ्या भोकातून डिझेल ओतणारे उस्ताद जागोजागी भेटतात. मधलं भोक ही स्वच्छ बाजू. तिथून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं. ओतायचंच तर कडेच्या बारीक भोकांतून ओता.

मग हवा काढायची. इथंच लोक घाबरतात आणि म्हणतात, ‘नको बाबा, गाडीनं एअर धरली तर?’ एअर धरणारच, भांडं उघडलंय! म्हणून तर फीड पंपावर हँड प्रायमर दिलाय. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करा आणि प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. नंतर पंपावरच्या स्क्रूपाशी हेच करा. गाडी चालू करून पाच-दहा मिनिटं उभी ठेवा आणि जोडांवर बोट फिरवून ओल तपासा, मात्र नोझलच्या पाइपांपाशी नाही. तिथला फवारा इतक्या दाबाचा असतो की कातडीतून आत घुसतो, आणि ती जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी थेट दवाखान्यात जायची असते. प्रायमर न मारता नुसता स्टार्टर फिरवत बसणाऱ्यांना बॅटरी आणि स्टार्टर, दोन्ही फुकट मिळत असावेत.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. कॉमन रेलच्या गाड्यांना हा लेख लागू नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकच्या इंधनाच्या लाइनला अंगणात पाना लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि कॉम्प्युटरला विचारल्याशिवाय काही हलत नाही. पण आमच्या भागात भाजी, ऊस, विटा आणि वाळू ओढणाऱ्या कितीतरी गाड्या अजून जुन्या यांत्रिक पंपाच्याच आहेत. १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ च्या जुन्या गाड्या आजही बाजार समितीच्या दारात रांगेनं उभ्या असतात. त्यांच्या मालकांनी कॉमन रेलचं कारण पुढे करून अंग चोरू नये.

आणि शेठजी, ड्रायव्हर हे काम करत असेल तर त्या तासाचे पैसे द्या, शिवाय गाडीत एक जादा फिल्टर, रिंगा आणि दोन पाने ठेवायला द्या. ‘गाडी तुझ्या पोटापाण्याची आहे’ असं सांगून फुकटात करून घेऊ नका. ड्रायव्हरनंही बदलल्याची तारीख आणि किलोमीटर भांड्यावर रंगानं लिहून ठेवावेत. पुढचा किती किलोमीटरनं, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि धुळीच्या मुलखात त्याच्या आधीच बदलावा.

काढलेला फिल्टर लगेच फेकू नका. निथळू द्या, आणि ते डिझेल विहिरीकडे किंवा गटारात सोडू नका. मग फिल्टर सुरीनं कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. बारीक वाळू असेल तर टाकीचं झाकण नीट बसत नाही. काळी बुळबुळ असेल तर पाणी साठतंय. तांबूस खपल्या असतील तर टाकी आतून गंजली आहे, आणि ती उतरवून साफ करणं हे मात्र गॅरेजचं काम आहे. वेल्डिंगवाल्याला तर ती धुतल्याशिवाय हातही लावू देऊ नका.