अंगठा म्हणजे होकार नव्हे!

डहाणू-तलासरीची वारली बाई डॉक्टरपुढे तोंड उघडत नाही, ती अडाणी, लाजरी, असे आपण नेहमी ऐकतो. पण तिच्याशी बोलले जाते ते कोणत्या भाषेत? घरी वारली बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीत दोन प्रश्न, इंग्रजीत चिठ्ठी आणि न वाचलेल्या कागदावर अंगठा! याला संमती म्हणायचे?

कायदाही म्हणत नाही. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने बजावले: तपासणीला दिलेली संमती गर्भाशय काढायला पुरत नाही, बाई सज्ञान असेल, जीवावरचा प्रसंग नसेल, तर तिच्या आईची सहीही चालत नाही. देविका बिस्वास खटल्यात (२०१६) नसबंदीचे परिणाम समजेल अशा भाषेत समजावण्याचा आदेश झाला. इथे समजेल अशी भाषा म्हणजे पाड्यावरची बोली, मंत्रालयातली मराठी नव्हे.

मैत्रिणींनो, बाईला बोलते करण्याची शिबिरे पुरेत. आता डॉक्टरांनी ऐकायला शिकावे. प्रत्येक सरकारी दवाखान्यात वारली बोलणारी पगारी दुभाषी हवी. हे काम आशाताईंच्या माथी फुकटात नको. आणि अंगठ्याआधी बाईने काय समजले ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. सांगता आले नाही, तर समजावणारा नापास, बाई नव्हे!