राज्य कायद्याचं, तरीही वाईट: गेममध्ये असं राज्य उभं करायचं तर नेमकं काय लागतं?

नऊ चौकटींचा तो मीम तुम्ही हमखास पाहिला असेल. डावीकडून उजवीकडे 'लॉफुल, न्यूट्रल, केऑटिक' आणि वरून खाली 'गुड, न्यूट्रल, इव्हिल'. मग त्या चौकटींत कुणी सिनेमातली पात्रं भरतं, तर कुणी चहात बिस्किट बुडवायच्या पद्धती.

हा तक्ता मुळात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या गेमचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा गेम आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण 'डंजन मास्टर' होऊन अख्खं जग रचतो, बाकीचे पात्रं बनून त्यात फिरतात आणि निकाल फासे लावतात. सुरुवातीला कायदा, अराजक आणि मधलं एवढ्या तीनच बाजू होत्या. नऊ चौकटी पक्क्या झाल्या १९७८ च्या नियमपुस्तकात.

त्यातली सगळ्यात अवघड चौकट म्हणजे 'लॉफुल इव्हिल'. म्हणजे कायदा पाळणारा, पण वाईट. असा एखादा माणूस रंगवणं सोपं आहे. 'बाल्डर्स गेट ३' खेळलेल्यांना राफाएल आठवेल, गोड बोलून करारावर सही मागणारा. पण अख्खा समाज तसा रंगवायचा म्हटलं की काळे झेंडे, कवट्यांचं सिंहासन आणि चौकाचौकात फाशी असा थाट मांडला जातो. ही झाली गणवेश घातलेली दरोडेखोरांची टोळी. यात कायद्याचं काम काय?

दुसरी सोपी वाट म्हणजे 'हे लोक जन्मतःच वाईट' असं लिहून मोकळं व्हायचं. ऑर्क आणि ड्राऊ, म्हणजे जमिनीखाली राहणारे गडद वर्णाचे एल्फ, यांच्याबाबत वर्षानुवर्षं हेच झालं. आता कंपन्या या वाटेवरून मागे फिरतायत. गेमची मालक कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने जून २०२० मध्ये मान्य केलं की, ही वर्णनं खऱ्या जगात ठरावीक समूहांना हिणवण्यासाठी जे बोललं जातं त्याची आठवण करून देतात. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला. प्रतिस्पर्धी 'पाथफाइंडर'ने तर २०२३ च्या अखेरीस हा चांगल्या-वाईटाचा तक्ताच काढून टाकला. अर्थात त्यामागे परवान्याचं भांडणही होतं, सगळं श्रेय सद्‌बुद्धीला द्यायला नको.

मग प्रश्न उरतो. रक्तात वाईटपणा नसेल, तर वाईट राज्य आणायचं कुठून?

त्यासाठी ड्रॅगनच्या गुहेत जायची गरज नाही. सोलापूरला गेलं तरी चालतं.

१८७१ साली ब्रिटिशांनी 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही आला. सरकारने अधिसूचना काढली की अख्खी जमात 'गुन्हेगार'. चोरी कुणी केली, केली की नाही, हा प्रश्नच नाही. त्या जमातीत जन्मलात, एवढं पुरे. नाव नोंदवहीत, बोटांचे ठसे सरकारकडे, ठरलेल्या वेळी हजेरी आणि बाहेर जायचं तर पास. या अधिसूचनेच्या वैधतेवर कोर्टाने शंका घ्यायची नाही, हेही कायद्यातच लिहिलेलं होतं. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायची सोयसुद्धा होती, तीही 'सुधारणे'च्या नावाखाली.

सोलापुरात अशा लोकांसाठी कुंपण घातलेली वसाहत होती. तिथली माणसं कापडगिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. कायदा १९५२ साली रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा दिवस आजही 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. शहरात 'सेटलमेंट' हे नाव मात्र अजून आहे.

डंजन मास्टरला लागणारा सगळा माल इथे आहे. कवटी एकही नाही. कायदा करणारे स्वतःला सुधारक समजत होते. गिरणीला हात मिळाले. गावातल्या बाकीच्यांना रात्री निवांत झोप लागली. आणि नोंदवहीत नाव लिहिणारा कारकून कदाचित अत्यंत प्रामाणिक माणूस असेल. तो लाच खात असता तर निदान काही जण तरी सुटले असते!

म्हणून 'हे जन्मतः वाईट' हे वाक्य गेमच्या नियमपुस्तकातून उचलायचं आणि त्या काल्पनिक राज्याच्या नोंदवहीत ठेवायचं. आता ते जगाबद्दलचं सत्य राहत नाही, राज्याने मारलेला शिक्का होतो. खेळाडू त्याच्याशी भांडू शकतात.

भाषेकडेही लक्ष हवं. दक्षिण आफ्रिकेत १९५२ सालीच, म्हणजे इथे कायदा रद्द झाला त्याच वर्षी, 'पास रद्द' करणारा कायदा आला. नावात खरोखरच 'अॅबॉलिशन ऑफ पासेस' असं होतं. प्रत्यक्षात त्याने जुने वेगवेगळे पास काढून कृष्णवर्णीयांवर एकच मोठं पासबुक लादलं. काल्पनिक राज्यात इतकं बनेल नाव सुचणं कठीण!

असं राज्य खेळाडूंना आधी आवडायला हवं, ही त्यातली गोम. रस्ते सुरक्षित, वजनमाप चोख, खानावळीत फसवणूक नाही. करार मोडला तर सरदारालाही दंड होतो. ते शेवटचं महत्त्वाचं, कारण राज्यकर्तेही स्वतःच्या कायद्याला बांधलेले नसतील तर ती साधी हुकूमशाही झाली. इथे राजाला मारूनही भागत नाही. संध्याकाळपर्यंत पुढचा वारस नियमाप्रमाणे गादीवर बसतो आणि सकाळी हजेरी वेळेवर होते. खेळाडूंनी पळवाट शोधली तर ती चालू द्यावी, पण एकदाच. पुढच्या खेपेला दुरुस्तीचं पत्रक निघालेलं असावं.

मग एक दिवस त्यांच्यातलाच ऑर्क मित्र वेशीवर अडतो. कारकून अदबीने उभा राहतो, बसायला बाक देतो, पाणी देतो. बाकीच्यांना आत जायला मोकळीक आहे. याच्यासाठी फक्त ठसा आणि जामीन म्हणून एकाची सही हवी. रांगेत मागे उभे असलेले लोक वैतागून विचारतात, एवढा उशीर कशाला लावताय?