वाचलेल्या वेळेत बालकाचा वाटा

घरी बसून नोकरी करणे ही गोष्ट आपणा इंदूरकरांना आता नवी राहिलेली नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीने ती घराघरांत अकस्मात आणली. पुढे साथ ओसरली, कार्यालये उघडली, तरी ही पद्धत पुरती गेली नाही. पुण्या-बंगळूरच्या कंपनीत नोकरी आणि मुक्काम मात्र इंदुरात, आईवडिलांच्या घरी, अशी तरुण जोडपी आपल्या मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. या व्यवस्थेचे गुण सांगताना वेळ वाचतो आणि पैसा वाचतो, हे दोन मुद्दे ती आवर्जून सांगतात. दोन्ही खरे आहेत. माझा प्रश्न एवढाच, की या बचतीतून घरातल्या बालकाचा वाटा कोणी वेगळा काढून ठेवतो का?

प्रथम हिशेबच पाहू. राजेंद्रनगरात राहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, १५ किलोमीटरवर, मोटारीने कामाला जाणारा गृहस्थ उदाहरणादाखल घ्या. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. महिन्याचे २२ दिवस धरले तर ३३ तास आणि वर्षातील ११ महिन्यांचे ३६३ तास. आठ तासांचा एक दिवस मानला तर कामाचे ४५ दिवस केवळ रस्त्यावर जातात! गाडी लिटरला १५ किलोमीटर चालते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर असे धरले, तर वर्षाकाठी ४८,४०० रुपयांचे इंधन. परगावच्या घराचे भाडे आणि बाहेरचे खाणेपिणे वाचते ते निराळेच. मध्यमवर्गीय कुटुंबाला ही रक्कम लहान नाही.

परंतु पैसा आणि वेळ यांत एक भेद आहे. वाचलेला पैसा खर्च करीपर्यंत खात्यात राहतो. वाचलेला वेळ मात्र त्याच दिवशी कोणाला तरी द्यावा लागतो. आपण ठरवून दिला नाही, तर जो अधिक जोराने मागतो तो घेऊन जातो. कामावरचा वरिष्ठ दूरध्वनीवरून मागतो, हातातला मोबाइल मागतो. दीड वर्षाच्या बालकाला मात्र असे मागता येत नाही. फार तर ते रडते. आणि ते रडू नये म्हणून त्याच्याही हाती मोबाइल दिला जातो.

घरून काम ही काही संगणकयुगाची देणगी नव्हे. आपल्याच मध्य प्रदेशात सागर, दमोह, जबलपूर या भागांत बायका पिढ्यान् पिढ्या घरी बसून विड्या वळत आल्या आहेत. त्यांचाही येण्याजाण्याचा वेळ वाचतोच. पण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणून वाचलेली प्रत्येक घटका आणखी विड्यांत जाते. मूल शेजारीच तंबाखूच्या धुळीत खेळत असते. मालकाची जागा, दिवाबत्ती वाचते. आईला उसंत मिळत नाही. वातानुकूलित खोलीत संगणकापुढे बसणाऱ्याची तुलना या बाईशी करणे काहींना रुचणार नाही. तथापि कामाच्या वेळेला कुंपण नसेल, तर काम घरभर पसरते, हा नियम दोन्ही घरी सारखाच लागू पडतो.

याचा अर्थ मी या पद्धतीच्या विरोधात आहे, असे नव्हे. किंबहुना बालरोगतज्ज्ञ म्हणून मी तिचे स्वागतच करीन. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूदही त्याच वेळी आली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. नेमके तेवढेच दिवस बाळाने केवळ आईच्या दुधावर राहावे, असे आपण सांगतो. त्यानंतर वरचे अन्न सुरू होते, तरी स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालू राहावे अशी अपेक्षा असते. आई घरी असेल तर हे सहज साधते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे जे हजार दिवस आपण मोलाचे मानतो, त्यांतील पुष्कळसे दिवस या सवलतीने बालकाच्या पदरात पडू शकतात.

मात्र घरात असणे आणि बालकाजवळ असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. मूल बोलायला शिकते ते देवघेवीतून. ते काही बडबडते, मोठे माणूस त्याच्याकडे पाहून उत्तर देते, ते पुन्हा बडबडते. पडद्यावरचे गाणे बोलते खूप, पण मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक दाखवू नये, असे सांगितले आहे. दूरच्या आजी-आजोबांशी अधूनमधून दृश्यसंभाषण करण्यास तेवढी मोकळीक आहे. पण ज्या घरात आई एका खोलीत आणि बाबा दुसऱ्या खोलीत पडद्यापुढे बसले आहेत आणि दाराबाहेर मूल एकटे आहे, तेथे हा नियम पाळायचा कोणी?

येथे कोणी म्हणेल, आमच्या वेळी आईवडील दिवसभर कचेरीत असत, तरी मुले वाढलीच की! अवश्य वाढली. कारण तेव्हा मूल कोणाच्या स्वाधीन आहे, हे स्पष्ट असे. आजी असे, शेजारच्या काकू असत, नाहीतर पाळणाघर असे. आज 'आम्ही दोघेही घरीच आहोत' या समजुतीने ती व्यवस्थाच केली जात नाही. मग सुनेला 'तू तर घरीच असतेस' म्हणून स्वयंपाकघर सुटत नाही आणि थकलेल्या आजीला नातवंडामागे धावावे लागते. तिचे श्रम कोणाच्याच हिशेबात येत नाहीत.

म्हणून माझे मागणे मोजके आहे. कामाच्या तासांत मुलाची जबाबदारी कोणावर, हे स्पष्ट ठरवावे आणि त्या माणसाच्या श्रमाचे मोल ओळखावे. पूर्वी प्रवासात जाणारा दीड तास रोज ठरल्या वेळी, मोबाइल दूर ठेवून, मुलाला द्यावा. त्यात पित्याचाही भाग असावा. वाचलेल्या पैशांतून थोडे चांगल्या पाळणाघरासाठी किंवा मदतनीस बाईसाठी खर्च करावे. जेवणाच्या ताटाशी पडदा कोणाच्याच समोर नको.

व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. जन्माचे वजन, लसीकरण, आहार आपण विचारतोच. त्यात 'आईबाबा कोठून काम करतात आणि त्या वेळी बाळाकडे कोण पाहते?' हा प्रश्न जोडावा. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. बोलायला उशीर, जेवणाचा हट्ट, रात्रीचे जागरण अशा तक्रारींत कान, विकास, आहार ही तपासणी व्हायलाच हवी. पण पुष्कळदा उलगडा या उत्तरातच सापडतो.

पाऊण तासाचा रस्ता विज्ञानाने वाचवून दिला, ही मोठीच सोय झाली. त्या पाऊण तासाचा पहिला हक्कदार कंपनी नव्हे, घरातले मूल आहे, एवढे आपण आपल्या समाजातील तरुण आईबापांना सांगत राहू या.